खांदेरी : मुंबईच्या दारातील पहारा

पांढुर्णा-सौंसरकडील वर्गात जलदुर्गांचा धडा शिकविणे सोपे नाही. किल्ला म्हटला की तेथील विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो छिंदवाडा जिल्ह्यातील गोंड राजांचा देवगड. उंचावरून खालचा मुलूख राखणारा. समुद्रावर असा डोंगर नाही, आणि शत्रूच्या वाटेवर त्याचे पाऊलही उमटत नाही. तेथे पहारा ठेवावा कसा? या प्रश्नास शिवाजी महाराजांनी दिलेले एक उत्तर म्हणजे खांदेरी. तिला आपण किल्ला म्हणतो; परंतु तिचे पहिले काम पाहण्याचे होते, लढण्याचे नंतरचे.

थळच्या किनाऱ्यासमोर, मुंबईच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरांवर हे लहानसे बेट आहे. मुंबई बंदरात शिरणारे व तेथून निघणारे गलबत येथून दृष्टीस पडे. शिवाय जंजिऱ्याचा सिद्दी पावसाळ्यात आपले आरमार मुंबईच्या आश्रयास आणून ठेवी. त्याच्या हालचालींची वर्दी मिळण्यासही याहून सोयीची जागा नव्हती. १६७२ मध्ये महाराजांनी येथे तटबंदीचा प्रयत्न केला, तो इंग्रज व सिद्दी यांच्या विरोधामुळे थांबला. १६७९ च्या ऑगस्टअखेरीस मात्र मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसे घेऊन बेटावर उतरला आणि दगडावर दगड चढू लागला.

इंग्रजांनी बेट आपले असल्याचा दावा मांडला व जहाजे धाडून त्याची नाकेबंदी केली. येथे खरी कसोटी होती ती रसदीची. इंग्रजांची जहाजे मोठी, वाऱ्यावर अवलंबून. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ पाण्यात वल्ह्यांवर चालणाऱ्या. रात्रीच्या अंधारात किनाऱ्यावरून निघून त्या पहाटेपूर्वी बेटास लागत. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाने इंग्रजी जहाजांवर हल्ला चढविला. 'डव्ह' ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली. पण केग्विन व मिंचिन यांच्या 'रिव्हेंज'ने एकटीने झुंज देऊन मराठी आरमारास मागे रेटले. आपल्याकडील लेखनात ही माघार बहुधा झाकली जाते. झाकण्याचे कारण नाही. लढाई इंग्रजांकडे गेली, तरी बेटावरील बांधकाम थांबले नाही व रसदही तुटली नाही. ठाणे टिकविण्याच्या दृष्टीने महत्त्व होते ते यालाच. नाकेबंदीचा खर्च सुरतेच्या वरिष्ठांना परवडेना, आणि १६८० मध्ये इंग्रजांनी तह करून माघार घेतली.

सिद्दी कासीम अधिक धूर्त ठरला. जानेवारी १६८० मध्ये त्याने खांदेरीशेजारील उंदेरी बेट बळकावून त्यावर तोफा चढविल्या. पहारेकऱ्यावरच पहारा बसला! पुढे कितीतरी वर्षे ही दोन बेटे एकमेकींवर डोळा रोखून होती. कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७१८ मध्ये, मुंबईचा गव्हर्नर बून याने खांदेरीवर मोहीम काढली, तीही फसली.

१८१८ नंतर लष्करी पहाऱ्याचे प्रयोजन उरले नाही. १८६७ मध्ये बेटावर दीपगृह उभे राहिले. कोळी बांधवांचा वेताळ तेथे आजही पुजला जातो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरीचा समावेश आहे. उंदेरी त्या यादीत नाही. वर्गात नकाशा मांडताना मात्र ती खांदेरीशेजारी अवश्य दाखवावी. ती वगळली तर सिद्दीची चाल विद्यार्थ्यांना उमगणार नाही.