सफर आणि खिदमत

हवामान बदलावर काम करणाऱ्या संस्थांना हल्ली एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. लोकांना धूर कमी करा म्हणून सांगता, मग तुमचे कार्यकर्ते विमानाने कसे हिंडतात? प्रश्न टोमण्यासारखा असला तरी खोटा नाही. जगाच्या कर्बवायू उत्सर्जनात विमानांचा वाटा सुमारे अडीच टक्के आहे आणि विमानात बसणारे लोक थोडेच. पण आपल्या भागात या प्रश्नाला जुना इतिहास आहे.

१ नोव्हेंबर १९८७ रोजी पश्चिम घाट बचाओ पदयात्रेच्या दोन तुकड्या निघाल्या. एक तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या नवापूरहून, दुसरी कन्याकुमारीहून. कुमार कलानंद मणी आणि जगदीश गोडबोले ही तिच्यामागची ठळक नावं. तीन महिने चालून यात्रा फेब्रुवारी १९८८च्या सुरुवातीला गोव्यात रामनाथीला पोचली. हे चालणं पेट्रोल वाचवायला नव्हतं. घाटातली वाडी मोटारीच्या काचेतून दिसत नाही, म्हणून होतं. पायी येणाऱ्याला कुणाच्या तरी ओसरीवर टेकावं लागतं, पाणी मागावं लागतं, मग त्या घरचं ऐकूनही घ्यावं लागतं.

(उर्दूत सफर म्हणजे कुठलाही प्रवास, मराठीत मात्र सफर म्हटलं की सहलीचा वास येतो. खिदमतीचंही तसंच. उर्दूत ती सेवा, मराठीत थोडी हांजी हांजी. वर्गात हा फरक शिकवताना मला संस्थांचे दौरे आठवतात!)

सगळ्याच बैठका वायफळ असतात असंही नाही. फेब्रुवारी २०१०मध्ये निलगिरीतल्या कोटागिरीला घाटप्रेमी संस्था जमल्या, तिथे पर्यावरणमंत्री जयराम रमेश आले आणि पुढच्याच महिन्यात माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. गाडगीळ लोकांना भेटत, ग्रामसभांचं मत मागत. आपल्या सिंधुदुर्गातल्या २५ गावांनी संवेदनशील क्षेत्रात येण्याचे ठराव केले. समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये आला. त्यावर पुन्हा नेमलेल्या कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये मुख्य भर उपग्रहाच्या चित्रांवर ठेवला आणि घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला. उपग्रहाला गावात यावं लागत नाही. त्याला झाडोरा दिसतो, पण ग्रामसभेचा ठराव दिसत नाही. म्हणून प्रवास कमी झाला की काम चांगलं झालं, हे गणित मला पटत नाही.

देवगडला तर प्रवासावाचून सेवा होतच नाही. तालुक्याच्या गावाला रेल्वे नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा इथल्या बंदरात नौका बुडाल्या, बागांत कलमं पडली. अशा वेळी ताडपत्री आणि शिधा घेऊन येणाऱ्या टेम्पोच्या धुराचा हिशेब कोण मागेल? मी तरी नाही मागणार. मी मागेन तो मुंबई-दिल्लीच्या बैठकांचा. त्यातल्या कितीतरी फोनवर उरकतील. पैसे देणाऱ्या संस्थांनीही दौऱ्याचे फोटो कमी मागावेत. दाखवण्यापुरत्या फेऱ्या त्यापायीच वाढतात.

ऑक्टोबर २०२१ पासून चिपीला विमानतळ आहे. तिथे उतरूनही देवगड गाठायला गाडी लागतेच. त्यापेक्षा मुंबईहून रात्रीच्या रेल्वेने कणकवलीला उतरावं आणि एसटी पकडावी. मे महिन्यात एसटीत आंब्याचे सौदे चालू असतात, फवारण्या किती वाढल्या, मोहोर कधी गळला, हे सगळं शेजारच्या सीटवर विचारता येतं.