‘झिंगाट’ आणि त्याचे कर्ते

* ‘झिंगाट’: हे गाणे नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मधील (२०१६). शब्द, चाल आणि आवाज तिन्ही अजय-अतुल गोगावले बंधूंचे. वडील महसूल खात्यात. बदल्यांमुळे बालपण शिरूर, जुन्नर, राजगुरुनगर भागांत गेले, तेथील लोकसंगीत कानांत मुरले. ‘विश्वविनायक’ या अल्बमने नाव झाले. ‘जोगवा’ चित्रपटासाठी २००८चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘सैराट’च्या संगीतासाठी त्यांनी हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंद वाजवून घेतला. त्यांना केवळ ठेक्याचे संगीतकार समजणे अन्यायाचे आहे. याच चित्रपटातील ‘याड लागलं’मधला व्हायोलिनसमूह लक्षपूर्वक ऐकावा. (संपा.)