निकालावर पगार

परवा भाचा आला होता. आयटीत आहे. अप्रेजलचे दिवस, त्यामुळे चेहरा निकालाच्या आदल्या दिवशीच्या दहावीच्या मुलासारखा. म्हणाला, "मावशी, रेटिंगवर पैसे ठरतात ना, मग रेटिंगमध्ये दिसेल तेवढंच काम करावंसं वाटतं." मला एकदम इंग्लंडातले जुने मास्तर आठवले.

१८६२ साली तिथे रॉबर्ट लो यांनी 'रिवाइज्ड कोड' आणला. शाळेचे अनुदान निकालावर! इन्स्पेक्टर येऊन वाचन, लेखन आणि गणिताची परीक्षा घेणार. तिन्हींत पास झालेल्या मुलामागे आठ शिलिंग. एका विषयात नापास की दोन शिलिंग आठ पेन्स कापले. हजेरीचे चार शिलिंग वेगळे. पैसे जात शाळेच्या चालकांकडे, पण पुष्कळ ठिकाणी मास्तरांचा पगार त्यालाच बांधलेला. शिकवलेल्या मास्तरांना सरकारकडून थेट मिळणारी भरही याच वेळी बंद झाली.

मग व्हायचे तेच झाले. मुले वाचनाचे पुस्तक तोंडपाठ म्हणू लागली. इतिहास-भूगोल मागे पडले, कारण त्यांना पैसे नव्हते! आजारी पोरांनाही परीक्षेला आणून बसवत. कवी मॅथ्यू आर्नल्ड स्वतः इन्स्पेक्टर होते, त्यांनी पहिल्यापासून विरोध केला. मास्तरकी शिकायला येणाऱ्या मुलांची संख्या घटली. १८७० साली शिक्षकांची देशव्यापी संघटना उभी राहिली, तिचे एक भांडण याच पद्धतीशी होते. १८९० च्या दशकात ती मोडीत निघाली. आपल्याकडेही १८८२ च्या हंटर कमिशनने प्राथमिक शाळांसाठी असेच अनुदान सुचवले होते. कर्झनच्या काळात तेही गेले.

आमच्या वेळी पगार निकालावर नव्हता. दरवर्षीची वाढ ठरलेली. पण शाळेला शंभर टक्के निकालाचा फलक हवा असे. एका वर्षी नववीतल्या एका मुलाला मी गणितात दोन गुणांसाठी थांबवले. दहावीत तो निकाल पाडेल, एवढेच कारण. तो पुन्हा शाळेत आलाच नाही. पुढे पाठवला असता तर माझा पगार एक पैशानेही कमी झाला नसता.

म्हणून लो साहेबांच्या मास्तरांना हसायला मी धजत नाही. त्यांच्या घरची चूल तरी त्यावर होती...

असो. भाच्याला एवढेच म्हटले, रेटिंगमध्ये न दिसणारे एखादे काम रोज करत जा. झोप बरी लागते.