घटसर्प (मानवी रोग)

हा लेख माणसाला होणाऱ्या रोगाविषयी आहे. गायी-म्हशींना होणारा याच नावाचा रोग वेगळा आहे.

घटसर्प अथवा डिप्थेरिया हा कॉरिनेबॅक्टेरियम डिप्थेरी या जिवाणूमुळे होणारा घशाचा व श्वसनमार्गाचा तीव्र संसर्गजन्य रोग आहे. तो मुख्यतः लहान मुलांना होतो. मात्र लस न घेतलेल्या किंवा प्रतिकारशक्ती ओसरलेल्या प्रौढांनाही होऊ शकतो. लसीकरणाने हा रोग टाळता येतो.

नावाविषयी

कराड, सातारा व सांगली परिसरातील शेतकरी कुटुंबांत ‘घटसर्प’ हा शब्द बहुधा जनावरांच्या रोगासाठी वापरला जातो. तो रोग पाश्चरेला मल्टोसिडा या वेगळ्या जिवाणूमुळे होतो आणि त्याची लस पावसाळ्यापूर्वी जनावरांना टोचली जाते. या दोन रोगांचा परस्परांशी संबंध नाही. एकाची लस दुसऱ्यापासून संरक्षण देत नाही.

कारण व लक्षणे

रोग्याच्या खोकल्या-शिंकांतून उडणाऱ्या थेंबांवाटे जिवाणू पसरतात. संसर्गानंतर साधारणपणे २ ते ५ दिवसांत घसा दुखणे, बेताचा ताप व गिळताना त्रास ही लक्षणे दिसतात. टॉन्सिल व घशावर करड्या रंगाचा चिवट पडदा तयार होतो; तो ओढून काढल्यास रक्त येते. मानेतील लसिका ग्रंथी सुजून मान बैलासारखी जाड दिसू लागते. पडदा स्वरयंत्रापर्यंत पसरल्यास श्वास कोंडून मृत्यू ओढवतो.

जिवाणू घशातच राहिले, तरी त्यांचे जीवविष रक्तातून शरीरभर जाते. त्यामुळे हृदयाच्या स्नायूंचा दाह होतो व मज्जातंतूंना इजा होऊन टाळू, डोळे किंवा हातपाय लुळे पडू शकतात. घसा बरा झाल्यावरही काही आठवडे हा धोका असतो.

संशोधनाचा इतिहास

एडविन क्लेब्स यांनी १८८३ मध्ये या जिवाणूचे वर्णन केले आणि फ्रीड्रिख लोफ्लर यांनी १८८४ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवला. एमिल रू व अलेक्सांद्र येर्सिन यांनी १८८८ मध्ये त्याचे जीवविष वेगळे केले. १८९० मध्ये एमिल फॉन बेरिंग व शिबासाबुरो कितासातो यांनी प्रतिविषाचा शोध जाहीर केला. त्यासंबंधीच्या कार्याबद्दल बेरिंग यांना १९०१ चे वैद्यकातील पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. गास्ताँ रामाँ यांनी १९२३ च्या सुमारास जीवविष फॉर्मॅलिन व उष्णतेने निरुपद्रवी करून त्याचे विषाभ बनवले. आजची लस याच तत्त्वावर आधारलेली आहे.

उपचार

प्रतिविष घोड्यांच्या रक्तरसापासून तयार करतात. पेशींना आधीच चिकटलेले जीवविष त्याने निष्प्रभ होत नाही. म्हणून तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता, संशय येताच ते देणे आवश्यक असते. जोडीला पेनिसिलिन किंवा एरिथ्रोमायसिन १४ दिवस देतात. निकट संपर्कातील व्यक्तींनाही प्रतिजैविक दिले जाते. रोग होऊन गेल्याने कायमची प्रतिकारशक्ती मिळेलच असे नाही. त्यामुळे बऱ्या झालेल्या रुग्णालाही लस देतात.

लसीकरण

भारतात १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रमातून त्रिगुणी लस देण्यास सुरुवात झाली व १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम आला. २०११ पासून टप्प्याटप्प्याने पंचगुणी लस वापरात आली. तिच्यात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब व हिब या जिवाणूविरुद्धचे घटक असतात. ती दीड, अडीच व साडेतीन महिन्यांच्या वयाला देतात. त्रिगुणी लसीच्या वर्धक मात्रा १६ ते २४ महिन्यांत व ५ ते ६ वर्षांच्या वयात दिल्या जातात. पुढे १० व्या व १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्प लस देतात. गरोदर स्त्रियांनाही हीच लस दिली जाते. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. गोठल्यास ती निरुपयोगी होते.

लसीकरणात खंड पडला की रोग परततो. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर १९९० च्या दशकात तेथील देशांत दीड लाखांहून अधिक लोकांना लागण झाली. २०१८ मध्ये जगात नोंदल्या गेलेल्या सुमारे १६,६०० रुग्णांपैकी ८,७८८ भारतातील होते.

कराड परिसर

कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कराड तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे व अंगणवाड्यांतून मुलांना लसी दिल्या जातात. शहरात वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय आहे, तर १९८४ मध्ये स्थापन झालेले कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय लगतच्या मलकापुरात आहे.

तालुक्यात यशवंतनगर येथे सह्याद्री व रेठरे बुद्रुक येथे कृष्णा हे सहकारी साखर कारखाने आहेत. गळीत हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार मुलाबाळांसह येतात आणि काही महिने खोप्यांत राहतात. अशा स्थलांतरात मुलांच्या मात्रा चुकण्याचा धोका मोठा असतो. म्हणूनच साखर कारखान्यांचे तळ, वीटभट्ट्या व बांधकामांची ठिकाणे लसीकरण मोहिमांत जोखमीची क्षेत्रे मानली जातात. कोणत्याही सरकारी लसीकरण सत्रात बाळाला लस मोफत मिळते. त्यासाठी मूळ गावी परतावे लागत नाही. मात्रा चुकली असल्यास मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. उरलेल्या मात्रा किमान चार आठवड्यांच्या अंतराने पूर्ण करतात. पहिल्या वाढदिवसापर्यंत पंचगुणी लस सुरू न झालेल्या बालकांना सात वर्षांच्या आत त्रिगुणी लस देता येते.