खानदेशची फड पद्धत : सामुदायिक नेतृत्वाचा धडा

एखादी संस्था पन्नास वर्षे टिकते ती कशाच्या बळावर, हा प्रश्न सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी मनात येणे स्वाभाविक आहे. निधी, इमारत आणि दात्यांचे औदार्य यांचे मोल मोठे आहेच. परंतु अनेकांनी मिळून करावयाच्या कामाला शिस्त कशी लावावी, याचा एक उत्तम वस्तुपाठ आपल्या खानदेशच्या भूमीतच आहे. तो म्हणजे ‘फड पद्धत’.

तापीच्या खोऱ्यातील पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांच्या काठी ही पद्धत रूढ झाली. पांझरा साक्री तालुक्यातून व धुळे शहरावरून वाहत जाऊन मुडावदजवळ तापीस मिळते. मोसम व आरम बागलाणातून येऊन गिरणेस मिळतात आणि तीच गिरणा पुढे आपल्या चाळीसगाव तालुक्यातून वाहते. अभ्यासक या पद्धतीचे वय तीन-चारशे वर्षे मानतात. नदीच्या पात्रात बंधारा बांधावयाचा, त्यातून पाट काढावयाचा, पाटातून चाऱ्या व चाऱ्यांतून शेतापर्यंत सारंग न्यावयाचे, अशी ही रचना. पाटाची लांबी २ ते १२ किलोमीटर असे. या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीस आपल्याकडे ‘पाटस्थळ’ म्हणत.

पाटाखालील शिवाराचे जे मोठे भाग पाडले जात, ते ‘फड’. एक फड साधारणतः १०० ते १२५ हेक्टरांचा; काही याहून पुष्कळ लहान, तर काही मोठे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, हा दंडक होता. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात हंगामी पीक, एखादा फड पडीक, आणि पुढील वर्षी त्यांची फेरपालट. त्यामुळे जमिनीचा कस राहिला व ती पाणथळ वा खारट होण्याचा धोका टळला. शेतकऱ्याचे तुकडे बहुधा निरनिराळ्या फडांत विखुरलेले असत. नदीला पाणी कमी आले की त्या वर्षी भिजवावयाच्या फडांची संख्याच कमी केली जाई. याचा परिणाम असा होई की, टंचाईची झळ एकट्यादुकट्याच्या घरी न जाता गावात विभागली जाई. आम्हा व्यापाऱ्यांच्या भाषेत सांगावयाचे तर ही नफ्याबरोबर तोट्याचीही भागीदारी होती. आणि भागीदारी मोडते ती बहुधा तोट्याच्याच वर्षी.

या व्यवस्थेची माणसेही गावानेच नेमलेली. कोणत्या फडात काय पेरावयाचे, हे पंचांच्या विचाराने ठरे. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे, पिकाच्या राखणीचे जागल्याचे, आणि मोठ्या पाटावर देखरेखीसाठी हवालदार. शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने बारे फोडून पाणी घ्यावयाचे नाही, पाटकरी देईल तेव्हाच घ्यावयाचे. पाटाचा गाळ काढणे व बंधाऱ्याची डागडुजी करणे, ही कामे शेतकऱ्यांनी मिळून करावयाची. पंचांची शेतेही त्याच फडांत असल्याने त्यांनी केलेला नियम प्रथम त्यांनाच लागू होई. त्यांच्या शब्दाला मान होता, तो या कारणाने.

पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, आणि ज्याचे पाणी त्याच्या बांधावर आले. एकमेकांची गरज संपली तशी अनेक ठिकाणी पाट साफ करण्याची एकजूटही ओसरली. तरीही ही वृत्ती या मातीतून नाहीशी झालेली नाही.

साक्री तालुक्यातीलच बारीपाडा हे कोकणा आदिवासींचे छोटे गाव याची साक्ष देते. तोडीमुळे डोंगर उघडे पडले होते व पाण्यासाठी वणवण होती. १९९० च्या दशकाच्या आरंभी वनवासी कल्याण आश्रमाच्या साहाय्याने श्री. चैत्राम पवार यांनी गावाला एकत्र आणले. वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेऊनही त्यांनी गावातच राहणे पसंत केले. वृक्षतोडीला व चराईला गावाने स्वतः बंदी घातली, मोडणाऱ्यास दंड ठरविला, श्रमदानातून चर खणले व लहान बंधारे घातले. सुमारे ४४५ हेक्टरांचे जंगल गावाने राखले आणि विहिरींना पाणी आले. २०२५ साली चैत्रामजींना ‘पद्मश्री’ जाहीर झाली. सन्मान एका व्यक्तीचा असला, तरी ते रान घरोघरच्या हातांनी राखले आहे.

या दोन्ही उदाहरणांतून आपल्या संस्थेने काय घ्यावे? जीवांनी परस्परांस उपकारक व्हावे, ही तर आपल्या धर्माची शिकवण आहे. दान आपल्या समाजाच्या रक्तात आहे; दात्यांची नावे संगमरवरावर कोरली जातात व ते योग्यच आहे. परंतु स्वामीवात्सल्याच्या पंगतीत वाढणारे, चातुर्मासात साधु-साध्वीजींच्या व्यवस्थेसाठी पहाटे उठणारे आणि कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या उचलणारे हात हे आपल्या संस्थेचे पाटकरी व जागल्ये होत. अलीकडे धनादेश पाठवून श्रमातून मोकळे होण्याची प्रवृत्ती वाढत आहे. देणगीने पाट बांधता येतो, गाळ मात्र दरवर्षी साचतो व तो हातांनीच काढावा लागतो.

म्हणून पुढील पन्नास वर्षांसाठी एक नम्र सूचना कराविशी वाटते. विश्वस्तांपासून नवतरुणांपर्यंत प्रत्येकाने वर्षातील काही दिवस संस्थेच्या श्रमाच्या कामासाठी राखून ठेवावेत, आणि त्या यादीत पहिली नावे विश्वस्तांची असावीत. ज्यांनी पन्नास वर्षे ही धुरा वाहिली, त्या ज्ञात-अज्ञात सेवाभावींना हेच खरे अभिवादन ठरेल.

जय जिनेंद्र!