परदेशप्रवास : चिंता नेमकी कशाची करावी?

बंगळुरू : घरातले कोणी परदेशी निघाले की चिंतेचे विषय बहुधा ठरलेले असतात. विमान अपघात, दहशतवादी हल्ला, अकस्मात पेटलेले युद्ध. ही भीती निराधार नाही. मात्र शिक्षण, नोकरी आणि व्यापारासाठी कर्नाटकातून बाहेर पडलेल्यांवर गेल्या काही वर्षांत ओढवलेले प्रसंग पाहता, संकट कोणतेही असो, सुटकेची वाट बरीचशी निघण्यापूर्वीच्या साध्या तयारीवर अवलंबून राहिल्याचे दिसते.

हक्की-पिक्की समाजाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पक्षी पकडणे हा या अनुसूचित जमातीचा परंपरागत व्यवसाय. बंगळुरूलगतच्या बन्नेरघट्टा परिसरात आणि राज्याच्या इतर जिल्ह्यांत त्यांच्या वस्त्या आहेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीवर बंदी आली आणि अनेक कुटुंबे वनौषधी व केसांचे तेल विकण्याकडे वळली. हा माल घेऊन ती थेट आफ्रिकेतील देशांपर्यंत पोहोचली. परदेशप्रवास ही केवळ शिकलेल्या आणि सुखवस्तू वर्गाची बाब आहे, या समजाला छेद देणारी ही वाटचाल आहे.

१५ एप्रिल २०२३ रोजी सुदानमध्ये लष्कर आणि निमलष्करी दलात संघर्ष पेटला, तेव्हा या समाजातील अनेक जण तेथे होते. ३१ जण राजधानी खार्तुमपासून शेकडो किलोमीटर दूर, दारफूरमधील एल फाशर येथे अडकल्याचे वृत्त कर्नाटकात पोहोचले. विमानतळ बंद, अन्न व पाण्याची टंचाई आणि रस्त्यावर गोळीबार, अशा स्थितीत भारतीय दूतावासाशी दूरध्वनीवर असलेला संपर्क हाच मोठा आधार होता. पुढे ‘ऑपरेशन कावेरी’अंतर्गत भारतीयांना बसने पोर्ट सुदानला, तेथून नौदलाच्या जहाजांनी व हवाई दलाच्या विमानांनी जेद्दाहला आणि मग मायदेशी आणण्यात आले. या मोहिमेत एकूण ३,८६२ जणांची सुटका झाली. त्यांत हक्की-पिक्की समाजातील अनेक जण होते.

मायदेशी पोहोचल्यावरही काहींचा प्रवास संपला नाही. पीतज्वराच्या लसीचा दाखला नसलेल्यांना विलगीकरणात राहावे लागले. भारतात हा आजार नाही, पण तो पसरवणारा डास येथे सर्वत्र आहे. म्हणून लागण असलेल्या देशांतून येणाऱ्यांबाबत हा नियम कठोरपणे पाळला जातो. लस आयुष्यात एकदाच घ्यावी लागते. दाखला मात्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी वैध ठरतो. त्यामुळे तिकीट काढल्यावर, निघण्याच्या आदल्या आठवड्यात केलेली धावपळ उपयोगाची नसते.

युक्रेनचा धडा वेगळा आहे. कीव्हमधील भारतीय दूतावासाने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी, म्हणजे रशियाचा हल्ला होण्याच्या नऊ दिवस आधी, राहणे अत्यावश्यक नसल्यास तात्पुरते देशाबाहेर पडण्याचा सल्ला दिला होता. विद्यापीठे ऑनलाइन वर्ग केव्हा सुरू करतात याची अनेक विद्यार्थी वाट पाहत होते. बुडणाऱ्या हजेरीची चिंता युद्धाच्या चिंतेपेक्षा जवळची वाटली. २२ फेब्रुवारीला दूतावासाने पुन्हा सूचना काढून विद्यापीठांच्या निर्णयासाठी न थांबण्यास सांगितले. पण तोवर हाती जेमतेम दोन दिवस उरले होते. १ मार्च रोजी खारकीव्हमध्ये हावेरी जिल्ह्यातील एक वैद्यकीय विद्यार्थी मारला गेला. त्याचे पार्थिव २१ मार्चला बंगळुरूच्या विमानतळावर आले. युद्धापूर्वीच्या आणि नंतरच्या आठवड्यांत मिळून २२,५००हून अधिक भारतीय युक्रेनमधून परतले.

बंगळुरूसारख्या संगणक व्यवसायाच्या शहरात आज याहून जवळचा धोका आहे तो बनावट नोकऱ्यांचा. संगणक कौशल्य असलेल्या तरुणांना थायलंडमध्ये ‘डिजिटल विक्री व विपणन अधिकारी’ म्हणून नेण्याचे आमिष दाखवले जाते आणि सीमेपलीकडे म्यानमारमध्ये सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबले जाते, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला. नाममात्र मुलाखत, भरघोस पगार, हॉटेल आणि परतीच्या तिकिटाची हमी, ही या जाळ्याची ओळख. तरीही मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या दोन विमानांनी ५४९ भारतीयांना थायलंडमार्गे परत आणावे लागले. परदेशातील नोकरीसाठी भरती करणारा दलाल १९८३च्या उत्प्रवासन कायद्यानुसार नोंदणीकृत असावा लागतो आणि त्याला ३० हजार रुपये व वस्तू-सेवा कर यापलीकडे सेवाशुल्क घेता येत नाही. दलालाची नोंदणी ई-मायग्रेट संकेतस्थळावर कोणालाही तपासता येते. लाखभर रुपये मागणाऱ्या माणसाविषयी याहून वेगळी चौकशी करण्याची गरज फारशी उरत नाही.

परदेशात राहणाऱ्यांच्या तक्रारींसाठी ‘मदद’ हे संकेतस्थळ २०१५ पासून सुरू आहे. अनेक दूतावास तेथे असलेल्या भारतीयांकडून ऑनलाइन नोंदणीही करून घेतात. ती करण्यास काही मिनिटे लागतात, आणि बहुतेक जण ती करत नाहीत. विम्याबाबतही असेच घडते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचे वैद्यकीय संरक्षण सक्तीचे असल्याने युरोपला जाणारे पॉलिसी घेतात, पण वाचत नाहीत. युद्धामुळे होणारे नुकसान बहुतेक पॉलिसींतून वगळलेले असते. आधीपासून असलेल्या आजारांवरही मर्यादा असतात. मुलांकडे जाणाऱ्या वृद्ध आईवडिलांसाठी हे दुसरे कलम पहिल्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे ठरते.

पासपोर्ट हरवणे हा मात्र कोणावरही येऊ शकणारा प्रसंग. स्थानिक पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत जवळच्या भारतीय दूतावासात न्यावी लागते. पासपोर्ट व व्हिसाच्या पानांची छायाप्रत घरी आणि ई-मेलमध्ये ठेवलेली असल्यास ओळख पटवणे सोपे जाते. तातडीने परतायचे असेल तर दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देतो. ते केवळ भारतात परतण्यापुरते असते. उरलेला दौरा पूर्ण करायचा असल्यास नवा पासपोर्ट आणि पुढच्या देशाचा व्हिसा पुन्हा घ्यावा लागतो.