सैनिकाचा एक्सरे कोणाजवळ?



दारामागच्या खुंटीला टांगलेली पिशवी आणि तिच्यात दवाखान्याची फाईल, ही आपल्या घरोघरची गोष्ट. चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, आणि दुमडू नये म्हणून मोठ्या पाकिटात ठेवलेला एक्सरे. नव्या डॉक्टरकडे गेले की पहिला प्रश्न ठरलेला, "जुना एक्सरे आणलाय का?" आणलेला नसला की पुन्हा पैसे, पुन्हा रांग. आज या जुन्या एक्सरेचाच इतिहास सांगणार आहे, पण अमेरिकेतला. तिथे ही पिशवी सरकारच्या दोन खात्यांमध्ये कित्येक वर्षे अडकून पडली होती.

सुरुवात जरा मागून करते. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. ते पूर्वी फौजेत जनरल होते. गोळी कुठे अडकली आहे ते कळेना, म्हणून डॉक्टरांनी जखमेत बोटे आणि सळ्या घालून शोधले. टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल धातू शोधायचे यंत्र घेऊन आले, तरी गोळी सापडली नाही. जखम चिघळली आणि अडीच महिन्यांनी अध्यक्ष गेले. पुढे १८९५ मध्ये जर्मनीत रोंटगेन यांनी एक्सरे शोधला. माणसाचा पहिला एक्सरे म्हणून जो प्रसिद्ध आहे तो त्यांच्या बायकोच्या हाताचा, बोटातल्या अंगठीसकट! तीनच वर्षांनी, १८९८ च्या स्पेनबरोबरच्या लढाईत, अमेरिकन फौजेने ही यंत्रे दवाखान्यांत आणि दवाखान्याच्या जहाजांवर नेली. जखमेत बोट न घालता गोळी दिसू लागली.

तेव्हा एक्सरे म्हणजे काचेची पट्टी, नंतर फिल्म. ती जिथे काढली तिथेच कपाटात राहायची. सैनिक मात्र तिथे राहत नाही. नोकरीत असेपर्यंत त्याचे औषधपाणी फौजेच्या दवाखान्यात. नोकरी सुटली की तो माजी सैनिकांच्या खात्याकडे जातो. हे खाते अमेरिकेत १९३० साली एकत्र उभे राहिले आणि त्याचे स्वतःचे मोठमोठे दवाखाने आहेत. माणूस तोच, गुडघा तोच, पण कागद दोन ठिकाणी.

कागदाची किंमत काय असते ते १९७३ मध्ये कळले. १२ जुलैला सेंट लुइस शहराजवळच्या सरकारी दप्तरखान्याला आग लागली. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फायली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून सुटलेल्यांच्या तर शंभरातल्या ऐंशी गेल्या, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. आपल्या गटाच्या वहीची झेरॉक्स काढून ठेवा असे मी दर बैठकीत सांगते, तेव्हा काहीजणी हसतात. पण इथे तर सगळ्या देशाच्या फौजेची वही जळाली. पाय युद्धात गेला की नंतर, हे दाखवायला म्हाताऱ्या माणसांना जुन्या सोबत्यांकडून लिहून आणावे लागले. नवरा गेलेल्या बायकांनाही त्याच्या नोकरीचा पुरावा असाच गोळा करावा लागला. आपल्याकडेही अपंगत्व पेन्शन देताना दुखणे सेवेमुळे आले का, किंवा सेवेत वाढले का, हे पाहतात. ज्यांच्या घरात फौजी आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

मग कॉम्प्युटर आले. माजी सैनिकांच्या खात्यातल्या डॉक्टरांनी आणि कॉम्प्युटरवाल्यांनी १९७७-७८ च्या सुमारास स्वतःच प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली. वरच्या साहेबांना ते पसंत नव्हते, तरी काम चालूच राहिले. त्यातून पुढे 'व्हिस्टा' ही पद्धत तयार झाली. तिच्यात लिहिलेले दिसायचे, चित्र दिसायचे नाही. ती उणीव भरून काढण्यात एका बाईंचे नाव पुढे येते, डॉ. रूथ डेहॉफ. वॉशिंग्टनच्या दवाखान्यात १९९० च्या आसपास त्यांनी एक्सरे, ईसीजी, सूक्ष्मदर्शकाखालची काच, दुर्बिणीने घेतलेले पोटातले फोटो, हे सगळे रुग्णाच्या एकाच नोंदीला जोडायची सोय उभी केली. त्यांची आई मार्गारेट डेहॉफही कॉम्प्युटरवर प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्या सुरुवातीच्या शास्त्रज्ञांपैकी. आईचा वारसा लेकीने असा चालवला, हे वाचून मला फार बरे वाटले.

फौजेने मात्र आपली पद्धत वेगळी उभी केली. शिवाय प्रत्येक कंपनीच्या यंत्राची भाषा निराळी. १९९३ मध्ये 'डायकॉम' नावाची सामाईक भाषा ठरली, तेव्हा एका यंत्राचे चित्र दुसऱ्यावर उघडण्याची वाट मोकळी झाली. तरी दोन खात्यांमधली भिंत तशीच उभी. २००२ नंतर औषधांच्या, तपासण्यांच्या नोंदी हळूहळू पलीकडे जाऊ लागल्या. चित्रे मागेच राहिली, कारण ती जड असतात. सीटी स्कॅनचा एक काप सुमारे अर्धा एमबी, आणि एका स्कॅनमध्ये असे कितीतरी शे काप. ५०० काप धरले तरी अडीचशे एमबी झाले. त्या काळच्या तारांवरून ते पाठवणे म्हणजे बैलगाडीतून अख्खा डोंगर नेण्यासारखे.

याची झळ इराक आणि अफगाणिस्तानच्या लढाईत बसली. रस्त्यात पेरलेल्या बॉम्बने एकाच माणसाचे डोके, डोळे, हात-पाय जखमी व्हायचे. त्याला आधी तिथल्याच फौजी दवाखान्यात, मग जर्मनीत लांडश्टूलला, मग अमेरिकेत वॉल्टर रीडला, आणि तिथून माजी सैनिकांच्या खास केंद्रात नेत. प्रत्येक ठिकाणी स्कॅन. शेवटच्या डॉक्टरला सगळ्यात आधीचा स्कॅन हवा असतो, कारण डोक्यातली सूज वाढली की उतरली हे जुने चित्र शेजारी ठेवल्याशिवाय ठरत नाही. आणखी एक गोष्ट. अंगात लोखंडाचा तुकडा राहिला असेल आणि डॉक्टरला ते ठाऊक नसेल, तर एमआरआयच्या चुंबकाने तो हलू शकतो. तुकडा डोळ्यात असेल तर नजर जाऊ शकते. म्हणजे जुना एक्सरे नुसता कागद राहत नाही, त्यावर माणसाचे डोळे अवलंबून असतात. रोग्याबरोबर सीडी पाठवायचे, पण ती हरवे, नाहीतर पलीकडच्या यंत्रावर उघडत नसे. परत स्कॅन करायचा तर अंगावर परत किरण.

२००७ मध्ये वॉल्टर रीडमधल्या जखमी सैनिकांचे हाल वर्तमानपत्रात आले आणि देशभर ओरड झाली. त्याच सुमारास वॉल्टर रीड, बेथेस्डा आणि टेक्सासचे ब्रूक, अशा तीन फौजी दवाखान्यांतून टँपा, रिचमंड, पालो आल्टो आणि मिनिआपोलिसच्या केंद्रांकडे एक्सरे-स्कॅन थेट कॉम्प्युटरवरून जाऊ लागले. आता रोगी पोचायच्या आधी डॉक्टर त्याची हाडे पाहू शकत होते. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणपणाची पायरी हीच. सगळे एकदम जोडायच्या नादी न लागता, सर्वांत जास्त जखमी कोण, त्यांच्यापासून सुरुवात केली.

पुढे मोठे बेत झाले. २००८ च्या कायद्याने दोन्ही खात्यांना सप्टेंबर २००९ ची मुदत दिली. २०११ मध्ये दोघांची मिळून एकच पद्धत करायचे ठरले, आणि २०१३ मध्ये ते सोडून दिले. मग एकाच पडद्यावर दोन्हीकडच्या नोंदी दाखवणारी एक खिडकी केली. शेवटी दोघांनीही एकाच कंपनीचा प्रोग्रॅम घ्यायचे ठरवले, फौजेने २०१५ मध्ये आणि माजी सैनिक खात्याने २०१७ मध्ये. २०२० साली स्पोकेन इथे तो माजी सैनिकांच्या दवाखान्यात पहिल्यांदा सुरू झाला. पण रुग्णांच्या जिवाला धोका होईल अशा चुका निघाल्या आणि २०२३ मध्ये पुढचे काम थांबवावे लागले.

शिकागोजवळ एक दवाखाना आहे, लोव्हेल नावाचा. नौदलाचे जवान आणि माजी सैनिक दोघेही तिथे एकाच छपराखाली येतात, २०१० पासून. छप्पर एक, पण डॉक्टरांना दोन पद्धतींत नोंदी कराव्या लागायच्या. मार्च २०२४ मध्ये तिथे दोघांसाठी एकच नोंद सुरू झाली. माजी सैनिक खात्याचे बाकीचे बहुतेक दवाखाने तेव्हाही त्या जुन्या व्हिस्टावरच चालत होते.